चरित्र-अभिनेत्री ललिता पवार

जळगांव-धुळ्याकडील घरांत एखाद्या सासुरवाशिणीस सासूबद्दल चार शब्द बोलावयाचे असत, पण नांव घेऊन बोलण्याची सोय नसे, अशा वेळीं एक नांव हमखास उपयोगी पडे. "आमच्या घरीं ललिता पवार आहे," एवढें म्हटलें कीं ऐकणारीस पुढचें कांहीं सांगावें लागत नसे. ही रीत एकट्या खानदेशची नव्हे, सगळ्या महाराष्ट्राची. पुढें तर हिंदी चित्रपट जेथवर पोंचला तेथवर ती पोंचली. एखाद्या नटीचें नांव नायिकेच्या सौंदर्यासाठीं उपमा म्हणून वापरलें जावें यांत नवल नाहीं. पण सासूच्या खाष्टपणास एका जिवंत नटीचें नांव पडावें आणि त्या नांवांतच तिच्या कलेची सर्वांत मोठी पावती असावी, हा योग विरळा.

ज्यांच्या नांवाची अशी म्हण झाली त्या ललिताबाई खानदेशच्या अगदीं शेजारच्या. जळगांवाहून आगगाडीनें पाचोरें, चाळीसगांव, नांदगांव करीत मनमाडास उतरावें आणि दौंडच्या फांट्यानें पुढें निघावें, कीं थोड्याच वेळांत येवलें लागतें. धुळेंकरांस मालेगांवावरून मोटारीनें तेंच गांव गांठतां येतें. या पैठण्यांच्या गांवीं १८ एप्रिल १९१६ रोजीं त्यांचा जन्म झाला. माहेरचें नांव अंबा; वडील लक्ष्मणराव सगुण हे रेशमी व सुती कापडाचे व्यापारी. घरांत अभिनयाची परंपरा नव्हती.

कारकीर्दीकडे वळण्यापूर्वीं 'चरित्र-अभिनेता' हा शब्द थोडा उलगडून पाहणें बरें. चित्रपटांतील नायक-नायिकांस दोन-अडीच तास मिळतात. त्यांनीं गावें, रुसावें, भांडावें, आणि प्रेक्षकांनीं हळूहळू त्यांस ओळखावें. चरित्र-अभिनेत्यास ही चैन नाहीं. घरमालक, मुनीम, विधवा आत्या, डॉक्टर, सावकार, सासू अशा भूमिकेंत तो पांच-दहा मिनिटांपुरता येतो, आणि तेवढ्यांत त्या माणसाचें सारें पूर्वायुष्य त्याला आपल्या चालण्याबोलण्यांतून सांगावें लागतें. सुनेच्या डोळ्यांत पाणी यावें म्हणून सासूचा शब्द आधीं खरा लागला पाहिजे. तो खोटा लागला तर नायिकेचें रडणेंहि खोटें ठरतें. म्हणजे नायिकेच्या यशाचा निम्मा भार ज्यांच्या खांद्यावर असतो, त्यांचें नांव मात्र जाहिरातींत बारीक अक्षरांत येतें.

हॉलिवुडमध्यें या वर्गास फार पूर्वींच मान्यता मिळाली. तेथील अकॅडमीनें १९३६ सालच्या चित्रपटांपासून सहायक भूमिकांसाठीं स्वतंत्र पारितोषिक सुरू केलें, आणि पुरुषांतील पहिलें पारितोषिक वॉल्टर ब्रेनन या नटास मिळालें. पुढें १९३८ व १९४० या सालांबद्दलहि तें त्यालाच मिळालें. या ब्रेननची एक हकीकत येथें मुद्दाम सांगण्यासारखी आहे. एका अपघातांत त्याचे पुढचे दात गेले. नायक होऊं पाहणाऱ्या नटाची कारकीर्द तेथेंच संपली असती. ब्रेनननें मात्र कवळी काढून ठेवली कीं बोळका म्हातारा आणि कवळी बसवली कीं मधल्या वयाचा गृहस्थ, अशी दोन माणसें एकाच तोंडांतून निर्माण केलीं. शरीरांत पडलेली उणीव हें भूमिकेचें साधन कसें होतें याचें हें उदाहरण. येवल्याच्या अंबेचें उदाहरण याहून कठोर आहे.

१९१३ सालीं दादासाहेब फाळके यांनीं 'राजा हरिश्चंद्र' काढला तेव्हां तारामतीच्या भूमिकेसाठीं बाई मिळेना, आणि तें काम अण्णा साळुंके या तरुणाकडून करवून घ्यावें लागलें. रंगभूमीवर तर स्त्रीवेष घेणाऱ्या नटांचेंच राज्य होतें; त्यांतील सर्वांत लाडक्या बालगंधर्वांचें बालपण कांहीं काळ जळगांवीं गेलें, आणि त्यांच्या नांवाचें नाट्यगृह त्या शहरांत आजहि आहे. पंधरा वर्षांनीं काळ किती पालटला होता पाहा. १९२८ सालीं त्याच हरिश्चंद्राच्या कथेवर दुसरा मूकपट निघाला, आणि त्यांत अंबा ही व्यापाऱ्याची अल्पवयीन मुलगी प्रथम पडद्यावर आली.

मूकपटाची नायिका म्हणजे आधीं शरीर आणि मग चेहरा. बोलून कांहींच सांगतां येत नसल्यामुळें धांवणें, झुंजणें, दचकणें, विनवणें हें सारें अंगानेंच करावें लागे. पुढें बोलपट आला आणि गळाहि लागूं लागला. पार्श्वगायनाची सोय रूढ होण्यापूर्वीं नायिकेनें स्वतः गावें ही अपेक्षाच असे. ललिताबाई या दोन्हीं कसोट्यांस उतरल्या. १९३२ सालच्या 'कैलास' या मूकपटांत त्यांनीं भूमिका तर केलीच, पण निर्मितींतहि भाग घेतला. १९३८ सालीं टॉलस्टॉयच्या 'रिझरेक्शन' या कादंबरीवर आधारलेल्या 'दुनिया क्या है' या बोलपटाच्या निर्मितीमागेंहि त्या होत्या. विशी-बाविशीची बाई आपलें भांडवल आणि आपला चेहरा एकदमच पणास लावते, ही गोष्ट त्या काळांत लहान नव्हती. याच दशकांत 'हिम्मत-ए-मर्दां'सारखीं साहसपटें त्यांनीं केलीं. मराठींत भालजी पेंढारकरांच्या 'नेताजी पालकर'मध्यें आणि मास्टर विनायकांनीं वि. स. खांडेकरांच्या कथेवरून काढलेल्या 'अमृत'मध्यें त्या दिसल्या. एवढें झालें तेव्हां त्यांचें वय पंचविशीच्या घरांत होतें. पुढच्या दहा वर्षांत त्या आघाडीच्या नायिका म्हणून गाजल्या असत्या असें मानण्यास पुष्कळ जागा आहे.

१९४२ सालीं 'जंग-ए-आझादी' या चित्रपटाचें चित्रण चालू होतें. एका प्रसंगांत मास्टर भगवान यांनीं ललिताबाईंच्या थोबाडींत मारावयाचें होतें. पडद्यावरील थप्पड ही वास्तविक दोघांनीं मिळून करावयाची हातचलाखी असते. मारणाऱ्याचा हात गालाजवळून निसटून जातो, त्याच क्षणीं मार खाणारा मान झटक्यानें वळवितो, आणि आवाज मागाहून भरला जातो. दोघांच्या वेळेंत निमिषाचा फरक पडला तरी डाव बिघडतो. त्या दिवशीं तो बिघडला. भगवान हे तालमींत कमावलेल्या शरीराचे. त्यांचा हात खराखुरा आणि पुऱ्या जोरानें बसला. ललिताबाईंच्या डाव्या डोळ्यांतील शीर फुटली आणि चेहऱ्याच्या एका बाजूवरून वारें गेलें. उपचार दीर्घकाळ चालले. चेहऱ्याची हालचाल पुष्कळ सुधारली. डावा डोळा मात्र कायमचा बारीक झाला.

ज्यांच्या हातून हें घडलें त्यांना दुष्ट ठरविण्याचें कारण नाहीं. पुढें 'अलबेला' काढून प्रेक्षकांना मनमुराद हंसविणाऱ्या भगवानदादांच्या हातून घडलेला हा अपघात होता. पण त्याची किंमत कोणीं मोजली हेंहि स्पष्ट आहे. नायिकेचा चेहरा ही कॅमेऱ्याची मिरास असते: तो दोन्हीं बाजूंनीं, जवळून, भरपूर उजेडांत दाखवितां आला पाहिजे. लहानसा वणहि जेथें लपवावा लागतो, तेथें एका डोळ्यानें मिटूं पाहणारी नायिका कोण घेणार? वयाच्या सव्विसाव्या वर्षीं ललिताबाईंपुढें दोनच वाटा उरल्या. घरीं बसावें, किंवा ज्या भूमिकांत तो डोळा अडचण होणार नाहीं अशा भूमिका शोधाव्या.

दुसरी वाट त्यांना प्रथम दाखविली ती पुण्याच्या प्रभात कंपनीच्या 'रामशास्त्री' या चित्रपटानें. १९४४ सालच्या या चित्रपटांत गजानन जागीरदार यांनीं रामशास्त्री प्रभुण्यांची भूमिका केली, आणि आनंदीबाईंचें काम ललिताबाईंकडे आलें. १७७३ सालीं शनिवारवाड्यांत नारायणराव पेशव्यांचा खून झाला. 'ध'चा 'मा' करणारी म्हणून आनंदीबाईंचें नांव लोकांच्या तोंडीं कायमचें बसलें. इतिहासकारांनीं त्या 'मा'विषयीं कितीहि शंका घेतल्या तरी लोकमानसांतील ती प्रतिमा पुसली गेलेली नाहीं. योगायोग असा कीं आनंदीबाईंचे पति रघुनाथराव यांचे अखेरचे दिवस ज्या कोपरगांवीं गेले, तें गांव येवल्याहून अगदीं जवळचें. आपल्याच परिसराशीं निगडित असलेली ती अपयशी, महत्त्वाकांक्षी स्त्री उभी करतांना ललिताबाईंना आपला बदललेला चेहरा प्रथमच सोयीचा ठरला असावा. एक डोळा सरळ समोर पाहतो आहे आणि दुसरा कांहीं निराळाच हिशेब करतो आहे, हा भास कोणत्याहि रंगभूषेनें आणतां आला नसता.

येथून पुढें त्यांना सासवांचीं कामें येऊं लागलीं. १९५० सालच्या व्ही. शांताराम यांच्या 'दहेज' या चित्रपटानें त्यावर जणूं शिक्कामोर्तब केलें. पृथ्वीराज कपूर यांनीं मुलीचा बाप रंगविला, जयश्रीबाईंनीं सून, आणि हुंड्यासाठीं त्या सुनेस छळणारी सासू ललिताबाईंनीं. तो काळ असा कीं हुंड्यास बंदी करणारा कायदा होण्यास अजून अकरा वर्षें अवकाश होता, आणि चित्रपटांतील दुःख प्रेक्षकांतील कित्येक बायांनीं स्वतः भोगलेलें असे. खानदेशांतल्या जत्रांत तंबूंतले सिनेमे लागत. एका बाजूस पुरुष, एका बाजूस बायका, मध्यें यंत्राची खडखड. अशा तंबूंत ललिताबाई पडद्यावर आल्या कीं बायकांच्या बाजूनें बोटें मोडण्यास आरंभ होई. जात्यावर दळतांना ज्या सासूला ओवींतून टोमणे मारले, ती येथें प्रत्यक्ष समोर उभी असे आणि तिला मोठ्यानें शिव्या देण्याची मुभा असे. मनोरंजनाबरोबर मन हलकें करण्याचा हा धर्मादाय दवाखानाच होता म्हणा!

मात्र एक गोष्ट स्पष्टपणें म्हटली पाहिजे. हुंडा मागणारें घर हें एका बाईचें नसतें. सासरा गप्प बसतो म्हणून, नवरा मान खालीं घालतो म्हणून, आणि जातगोत डोळेझांक करतें म्हणून सुनेचा छळ चालतो. चित्रपट-लेखकांनीं मात्र साऱ्या घराचें पाप एका सासूच्या पदरांत टाकलें, आणि ललिताबाई तें इतक्या समर्थपणें वाहून नेत कीं बाकीचे आरोपी अलगद सुटत. त्यांच्या नांवावर सातशेंच्या आसपास चित्रपट सांगितले जातात. त्यांतील पुष्कळांत एकच ठराविक सासू पुन्हां पुन्हां येते. हा दोष नटीचा थोडा आणि तिच्यासाठीं दुसरें कांहीं लिहूं न शकणाऱ्यांचा अधिक.

कारण दुसरें कांहीं मिळालें तेव्हां त्यांनीं काय केलें, हेंहि पडद्यावर आहे. १९५२ सालच्या 'दाग'मध्यें त्या दारूच्या आहारीं गेलेल्या दिलीपकुमारची सोशीक आई झाल्या. मुलगा आईहून अवघा सहा वर्षांनीं लहान! नायिकेची वयें मागें राहतात आणि चरित्र-अभिनेत्रीचीं मात्र झपाट्यानें पुढें धांवतात, तीं अशीं. १९५५ सालीं तर एकाच वर्षांत दोन अगदीं परस्परविरोधी बायका त्यांनीं उभ्या केल्या. गुरुदत्त यांच्या 'मिस्टर अँड मिसेस ५५'मध्यें त्या मधुबालेच्या सुशिक्षित, श्रीमंत, पुरुषजातीचा तिटकारा करणाऱ्या आत्याबाई. लग्नसंस्थेवर व्याख्यानें झोडणाऱ्या आणि भाचीस वारसा मिळावा म्हणून तिचें खोटें लग्न विकत घेणाऱ्या. राज कपूर यांच्या 'श्री ४२०'मध्यें त्याच बाई मुंबईच्या पदपथावर केळीं विकणाऱ्या गंगामाई आहेत. गांवाहून आलेला भुकेला राजू केळ्यांच्या भावावरून हुज्जत घालतो, त्या त्याच्यावर खेंकसतात, आणि खेंकसतां खेंकसतांच त्याला आपलासा करून टाकतात. तोच बारीक डोळा आत्याबाईंच्या चेहऱ्यावर तुच्छता दाखवितो आणि गंगामाईंच्या चेहऱ्यावर मिस्किल माया. चेहरा एकच असतां अर्थ असा उलटा कसा होतो, हें पाहावयाचें असेल तर हे दोन चित्रपट लागोपाठ पाहावे.

चार वर्षांनीं हाच प्रकार पुन्हां घडला. १९५९ सालीं बिमल रॉय यांच्या 'सुजाता'मध्यें त्या सोवळ्या-ओवळ्याचा कडक अभिमान धरणाऱ्या वडीलधाऱ्या बाई झाल्या; ब्राह्मणाच्या घरीं वाढलेली अस्पृश्य मुलगी त्यांच्या दृष्टीस सहन होत नाहीं. येथें त्यांनीं आवाज चढविलेला नाहीं. जी बाई आपण वाईट वागतों आहोंत असें क्षणभरहि मानीत नाहीं, उलट धर्म सांभाळतों आहोंत असेंच समजते, तिची शांत निर्दयता या भूमिकेंत आहे, आणि ती 'दहेज'मधील आरडाओरडीपेक्षां अधिक बोंचते.

त्याच साली हृषिकेश मुखर्जी यांचा 'अनाडी' आला. या चित्रपटांतील मिसेस डिसा ही ललिताबाईंची सर्वांत श्रेष्ठ भूमिका म्हणावयास हरकत नाहीं. एकटी राहणारी ख्रिस्ती घरमालकीण. राज कपूर तिचा भाडेकरू, चित्रें काढणारा, सरळमार्गी आणि म्हणूनच नोकरी न टिकणारा. ती त्याला रोज फैलावर घेते, भाड्याची आठवण देते, आणि उपाशी निजूं मात्र देत नाहीं. प्रेमाचा एक शब्द उघड न बोलतां प्रेम दाखविण्याची ही रीत मराठी घरांतील पुष्कळ आज्यांस व आत्यांस परिचित आहे; नांव डिसा असलें तरी वळण अगदीं ओळखीचें. पुढें तिला साधा ताप येतो, ती औषध घेते, आणि त्या भेसळीच्या औषधानेंच मरते. तें औषध तिच्या लाडक्या भाडेकरूस नोकरी देणाऱ्या धनिकाच्याच कारखान्याचें असतें. चित्रपटाचा सारा आघात या मृत्यूवर उभा आहे. मिसेस डिसा प्रेक्षकांच्या घरची झाली नसती तर भेसळीचा प्रश्न नुसता वर्तमानपत्री राहिला असता. या भूमिकेस फिल्मफेअरचें सहायक अभिनेत्रीचें पारितोषिक मिळालें. हृषिकेशबाबूंनाहि ती बाई विसरवली नसावी. १९७१ सालच्या 'आनंद'मध्यें त्यांनीं ललिताबाईंना रुग्णालयाच्या कडक मेट्रनचें काम दिलें, आणि तिचेंहि नांव डिसाच ठेवलें.

१९६१ सालीं संगीत नाटक अकादमीनें त्यांचा गौरव केला. त्याच सुमारास त्यांना विनोदहि सांपडला. 'जंगली'मध्यें ज्या घरांत हंसण्यास बंदी आहे त्या घराच्या त्या मालकीणबाई आणि शम्मी कपूरच्या मातुःश्री. 'प्रोफेसर'मध्यें त्याहून मौज आहे. भाच्यांवर करडी नजर ठेवणाऱ्या या सीतादेवी म्हाताऱ्या प्रोफेसरांच्या प्रेमांत पडतात. तो म्हातारा म्हणजे दाढीमिशा लावलेला तरुण शम्मी कपूर. सबंध आयुष्य कठोरपणांत घालविलेली प्रौढ बाई आरशासमोर नटते, लाजते, आणि प्रेक्षक हंसतो. पण त्या हंसण्यांत थोडी कींवहि मिसळते, कारण लाजण्याचें वय तिला कोणीं उपभोगूंच दिलेलें नसतें. स्वतःचें नायिकापण सव्विसाव्या वर्षीं संपलेल्या नटीनें हा प्रसंग करावा, हें जाणणाऱ्यास अधिकच लागतें.

१९६१ सालच्या 'संपूर्ण रामायण'मध्यें त्यांनीं मंथरा केली होती. सव्वीस वर्षांनीं दूरदर्शनवर रामानंद सागर यांचें 'रामायण' सुरू झालें तेव्हां मंथरेसाठीं पुन्हां त्यांनाच बोलावणें आलें. वय सत्तरीपलीकडे गेलेलें; पाठीस पोक, हातांत काठी, आणि तोच डोळा. १९८७ सालच्या त्या रविवारीं सकाळीं जळगांवांत काय, धुळ्यांत काय, ज्या घरीं संच असेल त्या घरीं आळी गोळा होई. नातवंडांच्या शेजारीं बसलेल्या आज्यांना ही मंथरा नवखी नव्हती. तंबूंतल्या सिनेमांत जिच्या नांवानें त्यांनीं बोटें मोडलीं होतीं, तीच ही.

अखेरच्या दिवसांत त्यांस तोंडाचा कर्करोग झाला. उपचारांसाठीं त्या पुण्यास औंध येथें येऊन राहिल्या, आणि तेथेंच २४ फेब्रुवारी १९९८ रोजीं त्यांचें निधन झालें. त्या वेळीं पति रुग्णालयांत होते, घरांत दुसरें कोणी नव्हतें, आणि मुलाच्या दूरध्वनीस उत्तर मिळेना तेव्हां कांहीं दिवसांनीं ही वार्ता उघड झाली, असें वृत्त त्या वेळीं प्रसिद्ध झालें.

२०२० सालच्या मार्च महिन्यांत साथीमुळें देशांतील सारीं दारें बंद झालीं, तेव्हां दूरदर्शननें तेंच 'रामायण' पुन्हां दाखविण्यास घेतलें. सासवा आणि सुना एकाच खोलींत अडकून पडल्या होत्या. समोर कैकेयीच्या महालाचा पडदा बाजूस झाला, आणि एक डोळा बारीक करून, काठी टेकीत, मंथरा आंत आली.